सम की विषम? सतरा अंकी संख्येचे गुणधर्म शोधताना घडलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी अकरावीच्या तीन विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प घेतला. विषय साधा होता: एकच मोठी संख्या निवडायची, तिच्याबद्दल सांगता येईल ते सारं शोधायचं, आणि प्रत्येक विधानाशेजारी त्याचं कारण लिहायचं. मी मार्गदर्शक होतो. संस्थेचं आणि विद्यार्थ्यांचं नाव इथे देत नाही. गणित मात्र जसंच्या तसं आहे.

त्यांनी निवडलेली संख्या ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

ही १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा, वर्ग आहे. निवडीमागे जिल्ह्याचा अभिमानही होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत आणि फावल्या वेळात संख्यांशी खेळत. ६१७४ या स्थिरांकामुळे ते जगाला माहीत झाले. १, १२१, १२३२१ अशा चढत-उतरत जाणाऱ्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या म्हटलं, आणि जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला हर्षद संख्या. मुलांची संख्या डेमलो तर दिसतच होती. ती हर्षदही आहे का, एवढ्या प्रश्नापासून कामाला सुरुवात झाली.

अडचण

तिघांनी काम वाटून घेतलं. एकीने वहीवर विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या. दुसऱ्याने संख्या संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये टाकली. तिसरीने ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम लिहिला. दोन दिवसांनी तिघं माझ्यासमोर बसली तेव्हा तिघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते.

वहीप्रमाणे संख्या विषम, शेवटी १, अंकांची बेरीज ८१, म्हणून ९ ने विभाज्य. स्प्रेडशीटप्रमाणे संख्येच्या शेवटी दोन शून्यं, म्हणून १०० ने विभाज्य. अंकांची बेरीज ७८, म्हणजे ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही. प्रोग्रामप्रमाणे संख्या सम, शेवटी २०, १६ ने विभाज्य. अंकांची बेरीज ८०, म्हणून ३ नेसुद्धा भाग जात नाही.

"सर, दोन संगणक म्हणतात सम आहे, फक्त वही म्हणते विषम," स्प्रेडशीटवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता, प्रामाणिक गोंधळ होता. यंत्राने आकडेमोडीत चूक करावी हे त्याला पटतच नव्हतं, आणि त्याने काही चुकीचं टाइपही केलं नव्हतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीकडे तर 'पुरावा'ही होता. तिने संख्येचं वर्गमूळ काढलं होतं आणि उत्तर नेमकं १११११११११ आलं होतं. "वर्गमूळ बरोबर येतंय, म्हणजे संख्या बरोबरच गेली असणार ना?" या प्रकरणातली सगळ्यात फसवी जागा हीच होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बहुमताचा. दोन विरुद्ध एक, म्हणून संख्या सम मानायची. असं कोणी मोठ्याने म्हटलं नाही, पण चर्चेचा कल तिकडे होता. शिवाय दोन्ही यंत्रं आपसातही सहमत नव्हती: एक म्हणत होतं शेवटी ००, दुसरं २०. त्यामुळे हा पर्याय फार काळ टिकला नाही.

दुसरा पर्याय संख्या बदलण्याचा: १२३२१ घ्यायची, ती कुठल्याही यंत्रात मावते. प्रदर्शनाला थोडेच दिवस राहिले होते, तेव्हा हा शहाणपणाचा वाटणंही साहजिक होतं. मला तो नको होता. अडचण नेमकी संख्येच्या मोठेपणातून आली होती, आणि तीच बाजूला सारली असती तर प्रकल्पात शिकण्यासारखं फार थोडं उरलं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे इंटरनेटवर मोठ्या संख्यांचे अवयव पाडून देणारं एखादं साधन शोधून उत्तर उतरवून घ्यायचं. उत्तर बहुधा बरोबरच मिळालं असतं. पण 'शेजारी कारण लिहायचं' ही अट त्यात बसत नव्हती.

चौथा पर्याय: कितीही अंकांचे पूर्णांक पूर्णच्या पूर्ण साठवणाऱ्या भाषेत, म्हणजे पायथनमध्ये, सगळं पुन्हा करायचं. आणि पाचवा: सतरा अंक क्षणभर विसरून संख्या १११११११११ × १११११११११ अशी धरायची आणि तिच्या बांधणीवरून हाताने पुढे जायचं.

आम्ही पाचवा आधी आणि चौथा नंतर, ताळा म्हणून, असा क्रम ठरवला. क्रमाला कारण होतं. यंत्राच्या उत्तरावर संशय असताना दुसऱ्या यंत्राचं उत्तर पहिलं घेतलं असतं, तर तिथेही ते आपण कशाच्या आधारावर मान्य करायचं हा प्रश्न शिल्लकच राहिला असता.

पहिला निर्णय: संख्या नेमकी कोणती?

सम-विषमचा वाद वहीवालीने एका ओळीत मिटवला. १११११११११ विषम आहे. विषम गुणिले विषम विषमच. म्हणून संख्या विषम. शेवटी २० येणारी कुठलीही संख्या पूर्ण वर्ग असू शकत नाही हेही तिने जोडलं: ५ ने भाग जातो पण २५ ने जात नाही, आणि वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीनेच येतो.

इथे थांबता आलं असतं. पण मग ते वर्गमूळ बरोबर का आलं? हा प्रश्न मी सोडू दिला नाही. एक अख्खी दुपार त्यात गेली, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

बहुतेक स्प्रेडशीट आणि ब्राउझरमधली भाषा संख्या ६४ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ६४ अंकांच्या, तरंगबिंदू (फ्लोटिंग पॉइंट) स्वरूपात ठेवतात. त्यात महत्त्वाच्या अंकांसाठी ५३ बिट मिळतात. २ चा ५३वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. तिथून २ च्या ५४व्या घातापर्यंत, म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४ पर्यंत, फक्त सम पूर्णांक मावतात. जणू त्या टप्प्यावर फूटपट्टीच्या विषम रेघा कोणी पुसून टाकल्या आहेत. आमची संख्या या दोन सीमांच्या मधोमध कुठेतरी आहे, आणि विषम आहे. तिला त्या पट्टीवर जागाच नाही. तिचे शेजारी …३२० आणि …३२२, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा वेळी ज्याचा शेवटचा बिट शून्य येतो तो शेजारी घ्यायचा असा नियम आहे. त्या नियमाने १२३४५६७८९८७६५४३२० निवडली गेली. स्प्रेडशीट तर त्याच्याही आधी थांबते: पंधरा अंक ठेवते, पुढचे शून्य करते. म्हणून तिथे १२३४५६७८९८७६५४३००.

आता वर्गमूळ. …३२० चं खरं वर्गमूळ १११११११११ पेक्षा सुमारे ०.००००००००४५ इतकं, म्हणजे एका अब्जांशाच्या साडेचार पट, कमी आहे. त्या आकाराच्या संख्यांसाठी पट्टीवरच्या दोन रेघांमधलं अंतर जवळपास पंधरा अब्जांश. फरक अर्ध्या अंतराहून कमी, म्हणून उत्तर सरळ १११११११११ वर जाऊन बसतं. चुकीच्या संख्येचं वर्गमूळ बरोबर दिसतं. "म्हणजे मी जी तपासणी केली ती चूक पकडू शकतच नव्हती," प्रोग्रामवाली म्हणाली. प्रकल्पाच्या पहिल्या तक्त्यावर आम्ही तिचं हे वाक्य तसंच लिहिलं.

पायथनमध्येही एक पाय घसरण्याची जागा आहे. तिथे एका तिरप्या रेघेचा भागाकार उत्तर दशांशात देतो, आणि घात ०.५ घेऊन काढलेलं वर्गमूळही. पूर्णांकांत राहायचं तर दोन तिरप्या रेघांचा भागाकार, बाकीसाठी टक्केचिन्ह आणि वर्गमूळासाठी पूर्णांकी वर्गमूळाचं वेगळं फलन वापरावं लागतं. नुसती भाषा बदलून भागत नाही.

दुसरा निर्णय: ३३३६६७ मूळ आहे हे कसं दाखवायचं?

अवयव पाडणं सोपं निघालं. १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आमची संख्या

३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७.

पण ३३३६६७ ला आणखी अवयव नाहीत कशावरून? शाळेत शिकवलेली रीत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणं. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे येतं, आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. मुलं तयार होती. वही उघडून बसलीही होती. मी त्यांना अर्धा तास थांबायला सांगितलं.

समजा ३ सोडून एखादी मूळ संख्या १००१००१ ला भागते. ९९९ × १००१००१ = ९९९९९९९९९, म्हणून ती नऊ नवांनाही भागते. ती ९९९ ला भागू शकत नाही; भागली असती तर १००० ची बाकी १ आली असती, आणि मग १००१००१ ची बाकी १ + १ + १ = ३, शून्य नव्हे. म्हणजे त्या मूळ संख्येने १ ला भागलं तर दशांश विस्तार बरोबर नऊ अंकांनी पुन्हा पुन्हा येतो. आणि आवर्ताची लांबी मूळ संख्या वजा १ ला नेहमी निःशेष भागते. हा फर्माचा छोटा सिद्धांत. म्हणून ती संख्या ९ च्या पटीपेक्षा १ ने मोठी, आणि विषम असल्यामुळे १८ च्या पटीपेक्षा १ ने मोठी.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. एकशे सहा भागाकारांऐवजी सतरा. तिघांनी ते वाटून घेतले, एकमेकांचे तपासले. १९ ने भागून बाकी ८, ३७ ने १, ७३ ने ५७, आणि शेवटी ५७७ ने १६१. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ.

या जागी मुलांचे चेहरे बदलले, हे मला नोंदवायलाच हवं. तोवर सिद्धांत म्हणजे परीक्षेत लिहायची गोष्ट होती. इथे त्याने ८९ भागाकार वाचवले. एकाने ताबडतोब १ ÷ ३३३६६७ लांब भागाकाराने काढलं: ०.०००००२९९७ ०००००२९९७… नऊ अंकांचं आवर्त, सांगितल्याप्रमाणे.

पुढे काय सापडलं

हर्षदचा प्रश्न आता सोपा होता. अंकांची बेरीज ८१, आणि संख्येत ३ चे चार अवयव, म्हणजे नेमके ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग. ८ गाळलेली ती ओळखीची संख्या. वहीवालीने विचारलं, "मग आधीच्या सगळ्या डेमलो संख्या पण हर्षद असतील?" तिने स्वतःच उत्तर शोधलं. एक ते नऊ एकांच्या संख्येचा वर्ग घेताना कुठेच हातचा येत नाही, म्हणून वर्गाच्या अंकांची बेरीज म्हणजे जितके एक तितक्याचा वर्गच असते: तीन एकांसाठी ९, पाच एकांसाठी २५. वर्गाने वर्गाला भाग जायचा तर वर्गमूळाने वर्गमूळाला, म्हणजे जितके एक तितक्याने एकांच्या त्या संख्येला, भाग जायला हवा. शेवटी १ असल्यामुळे सम संख्येने किंवा ५ ने नुसत्या एकांच्या कुठल्याच संख्येला भाग जात नाही, ७ ने सात एकांना जात नाही. नवांपैकी फक्त तीन उरतात: १, १२३२१ आणि आमची.

स्प्रेडशीटवाल्याला हा नमुना कायम चालेल असं लिहायचं होतं. त्याला मी दहा एकांचा वर्ग हाताने करायला दिला. मधल्या स्थानावर बेरीज १० होते, हातचा येतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढ-उताराची ओळ मोडली. अंकांची बेरीज ८२, म्हणजे सम, तर संख्या विषम. म्हणून हर्षदपणही त्याच पायरीवर गेलं. 'कायम' हा शब्द तक्त्यावरून निघाला आणि त्याच्या जागी हातच्याचा तो एक गुणाकार आला.

सगळ्यांत सुंदर गोष्ट प्रोग्रामवालीला सापडली. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ज्या मूळ अवयवाला ४ ने भागून ३ बाकी राहते, तो दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल तर ज्यांचे ते वर्ग आहेत त्या दोन्ही संख्यांनाही भागतोच. ३ असा आहे, ३३३६६७ ही असा आहे, ३७ नाही. म्हणून दोन्ही बाजूंतून ३ × ३ × ३३३६६७ = ३००३००३ बाहेर काढावे लागतात, आणि मागे फक्त ३७ चा वर्ग उरतो. १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकुट दहावीच्या मुलाला माहीत असतं. म्हणून

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

नऊ एक कर्ण असलेला पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण, आणि असा हा एकच. १३६९ चे, म्हणजे ३७ च्या वर्गाचे, दुसरे कुठलेही दोन वर्ग पडत नाहीत हे १ ते ३६ तपासून पाहिलं. ही दोन्ही उत्तरं संगणकाशिवाय आली.

तिसरा निर्णय: काय छापायचं, काय गाळायचं

नियम असा ठरला की दोन वेगळ्या वाटांनी न आलेलं विधान तक्त्यावर जाणार नाही. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५, हे सोपं. विभाजकांची बेरीज मात्र पायथनने दिली: १८९५४२७९५९२८२७५७९. हाताने इतका गुणाकार कोणी पूर्ण केला नाही, पण ताळा करता आला. ती बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ अशी येते; पहिल्या अवयवामुळे ११ ने भाग जायला हवा, आणि मागच्या दोन्हींत ३ असल्यामुळे ९ ने. दोन्ही कसोट्या छापलेल्या अंकांवर लावल्या, जमल्या. संख्या स्वतः वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे तिच्यापेक्षा कमी. ती अपुरी संख्या आहे.

९ आणि ८१ या अंकांचं शुभत्व सांगणारा मजकूर एका घरून आला होता. तो घेतला नाही. मुलाने घरी जाऊन कारण सांगितलं: शेजारी लिहायला सिद्धता नाही.

निष्पत्ती

प्रदर्शनात तक्त्यांसमोर जास्त गर्दी झाली ती पहिल्याच तक्त्यापाशी, जिथे तिन्ही 'उत्तरं' शेजारीशेजारी लावली होती. येणाऱ्याला आधी विचारायचं, यांतलं बरोबर कोणतं? मोबाइल काढून बघणारे बरेच होते. परीक्षकांनी ३३३६६७ बद्दल विचारलं तेव्हा मुलांनी सतरा भागाकारांचं पान पुढे केलं आणि अठराची अट कुठून आली ते न अडखळता सांगितलं. दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. दोन वर्गांचा एकच त्रिकोण का, हे मात्र एका परीक्षकाला समजावताना त्यांची दमछाक झाली. ते कारण तक्त्यावर फार आखडून लिहिलं होतं.

वेगळं काय करता येईल

कामाची वाटणी साधनानुसार न करता आधी तिघांनी मिळून एक तास संख्या कशी 'धरायची' हे ठरवावं: अंकांची ओळ म्हणून, मजकूर म्हणून, की गुणाकार म्हणून. गुणाकार म्हणून धरली असती तर पहिल्या दिवशीच सम-विषम प्रश्न उठला नसता. दुसरं, कुठलीही तपासणी लावण्याआधी मुद्दाम चुकीची संख्या देऊन ती तपासणी अडते का ते बघावं. वर्गमूळाच्या तपासणीला …३२० दिलं असतं तर ती निरुपयोगी असल्याचं लगेच कळलं असतं. तिसरं, त्रिकोणाच्या एकमेवपणाला अख्खा तक्ता द्यावा आणि विभाजकांची बेरीज एका ओळीत आटपावी. आम्ही उलटं केलं होतं.

हाताच्या रीतीची मर्यादाही आता दिसते आहे. यंदाच्या गटाने १९ एकांची संख्या घेतली आहे. ती मूळ आहे. ते दाखवायला आमची वाट धरली तर भागणाऱ्या संख्या ३८ च्या पटीपेक्षा १ ने मोठ्या हव्यात, पण वर्गमूळ १०५ कोटींच्या पुढे जातं आणि तपासायच्या जागा सुमारे २ कोटी ७७ लाख होतात. ते काम यंत्राचंच. गटाला प्रोग्राम लिहिण्याआधी दोन गोष्टी आणायला सांगितल्या आहेत: संख्या यंत्रात नेमकी कशी राहील याचं एक पान, आणि प्रोग्रामला द्यायच्या अशा पाच संयुक्त संख्या, ज्यांना तो 'मूळ' म्हणाला तर चूक लगेच उघडी पडेल.